एकीचंच नाव

"लिही म्हणलं ना. निलम देविदास आडे. लिही."

नर्मदाबाईने गुळाचा खडा करुणाच्या तळहातावर ठेवला आणि तिच्या उघड्या वहीवर बोट टेकवलं. टेकवलं कसलं, रोवलंच. बारा वर्षं करुणा ह्या लखमा तांड्यावर आशा सेविका म्हणून फिरत होती. एवढ्या वर्षांत ह्या बाईने तिला कधी पाण्याला विचारलं नव्हतं, आणि आज एकदम गूळ. करुणाला तिथेच संशय यायला हवा होता.

"कोणत्या यादीत लिहू, मावशी?"

"गरोदर बायांच्या. आता ते बी मीच शिकवू का तुला? दिवाळीमागून पोरगी एकदा भाईर बसली. त्याच्यामागं बसलीच न्हाई. पूस गेला, माघ बी सरत आला. मी बराबर मोजून हाय. अन् यंदा पोरगंच हाय, माझं मन सांगून राहिलं."

करुणाने दाराकडे पाहिलं. निलम दारात उभी होती. धाकटी कडेवर, थोरल्या दोघी पदराला धरून. तिच्या तोंडावरचा रंग पार उडाला होता. तिने करुणाकडे पाहून मान हलवली, सासूला दिसणार नाही इतकी थोडी. नाही ताई, काही बोलू नका.

निलम गरोदर नव्हती. ती राहू नये याची व्यवस्था करुणानेच केली होती.

धाकटीच्या वेळी निलमचं पोट फाडावं लागलं होतं. अंगातलं रक्त उतरून उतरून सहावर आलं, हिंगोलीला नेऊन दोन बाटल्या चढवल्या, तेव्हा कुठे ती हाताला लागली. पुढची तीन वर्षं मूल नको, असं तिथल्या डॉक्टरीणबाईने बजावलं होतं. ते नर्मदाबाईला सांगितलं तर ती म्हणाली होती, डाक्टरला काय, तिला थोडंच नातवाचं तोंड पाहायचंय. ऑपरेशनचं नाव काढायची सोय नव्हती. नवरा देविदास कारखान्याच्या उसाच्या ट्रॅक्टरवर; तो घरी यायचा पाहुण्यासारखा आणि आल्यावर आईच्याच तोंडाने बोलायचा. मग एक दिवस बोअरवर पाणी भरताना निलमच करुणाजवळ सरकली आणि खाली पाहत म्हणाली, "ताई, आता आणखी एक झालं तर मी मरन. काही तरी असंल ना तुमच्यापाशी, कोणाला न कळणारं?"

होतं. तीन महिन्यांनी एकदा दंडावर घ्यायचं इंजेक्शन. लेकरांच्या लसीकरणाचा दिवस पाहून करुणा बायकांना गावातल्या उपकेंद्रात बोलवायची. लेकराला टोचायचं, वजन करायचं, आणि तेवढ्यात पडद्याआड आईचाही दंड पुढे करायचा. घरी गेल्यावर लेकरू रडतंय म्हणून सगळे लेकराकडे बघतात, आईकडे कोण बघतंय? बायकांची कार्डंसुद्धा करुणा आपल्याच घरी ठेवून घ्यायची. तांड्यावरच्या आठ जणी अशा घेत होत्या. निलम, तिची थोरली जाऊ पेमा, आणि आणखी सहा.

आरोग्य खात्याचं एक पोस्टर शाळेच्या भिंतीवर लागलेलं असतं. नवरा, बायको आणि दोन गोरीगोमटी लेकरं, चौघंही हसतायत. त्या चित्रातल्या बाईला सासू नसते. करुणाचं सगळं काम चित्राबाहेरच्या त्या सासूशी होतं, आणि तिला चुकवायला करुणा डोळ्यांत तेल घालून जपत होती. डोकं दुखेल, कधी थोडं थोडं अंगावर जाईल, कधी पाळीच थांबेल, घाबरायचं नाही, हे तिने निलमला तीनदा सांगितलं होतं. पाळी थांबल्यावर घरात काय होईल ते मात्र तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

नर्मदाबाईच्या घरात जगदंबेचं ठाणं होतं. सुनेची पाळी आली की तिने तीन दिवस गोठ्याला लागून असलेल्या छपरात बसायचं. ताट वेगळं, गोधडी वेगळी, पाणीही सासू वरून ओतणार. अशा घरात तारखा लिहून ठेवाव्या लागत नाहीत. आणि करुणाला हे आठवलं नाही, कारण तिच्या घरात हे कधीच नव्हतं. लग्न होऊन आली त्या पहिल्या महिन्यात ती माहेरच्या जुन्या सवयीने कोपऱ्यात जाऊन बसली, तर तिची सासू पद्माबाई हिने दंडाला धरून उठवलं होतं. "ते समदं मागं टाकून आलो आपण. ऊठ, भाकरी थाप." त्याला वीस वर्षं झाली. इतरांच्या घरात ते अजून चालतं, हे करुणाला ठाऊक होतं आणि तरीही ठाऊक नव्हतं. आपल्या घरातून गेलं म्हणजे जगातून गेलं, असा तिचा एक भ्रम होता. त्या भ्रमाचा तिला अभिमानही होता.

"लिहून का राहिली न्हाईस?" नर्मदाबाईचं बोट अजून वहीवर होतं.

"मावशी, एकदम लिहिता येत नाही. तपासणी करावी लागते."

"मंग कर की. ती लघवीची पट्टी असती ना तुझ्यापाशी? लाव."

"संपल्यात पट्ट्या," करुणा म्हणाली. पिशवीत चार होत्या. "आणि कधी कधी अंगात रक्त नसलं की पाळी थांबते. निलमचं रक्त कमीच हाय. गोळ्या देते, खाऊ द्या. पुढच्या महिन्यात पाहू."

 नर्मदाबाईने हात पुढे केला आणि करुणाच्या हातातला गुळाचा खडा परत घेतला.

"तू राहू दे," ती म्हणाली. "मी बाळापूरला नेते."

चौथ्या दिवशी सकाळी देविदासची मोटारसायकल करुणाच्या दारासमोर थांबली. तिचा नवरा रविंद्र वसमतच्या हळदीच्या बाजारात तोलाईच्या कामावर गेला होता. देविदास गाडीवरून उतरला नाही.

"चला. नायकानं बोलावलंय."

"काय झालं?"

"तुमाला म्हाईत न्हाई व्हय काय झालं? वही घ्या संगं."

करुणाने वही घेतली नाही. पिशवी रिकामी करून खुंटीला टाकली आणि मोकळ्या हाताने गाडीवर बसली.  काय झालं असणार ते तिला कळलं होतं. आखाडा बाळापूरच्या कुठल्या तरी दवाखान्यात डॉक्टरने निलमला सासूच्या समोरच विचारलं असणार, तीन महिन्यांचं इंजेक्शन वगैरे घेतलंय का. आणि निलम गप्प राहिली असणार. त्याच्यानंतर सांगण्यासारखं काय उरतं?

तांड्यावर लिंबाखाली माणसं जमली होती. तांड्याचा प्रमुख वसराम नायक खाटेवर बसला होता, बाकीचे पुरुष भोवती, आणि बायका मागच्या भिंतीला टेकून. निलम मधोमध मातीत बसली होती. नेहमी तिच्याभोवती असणाऱ्या तिन्ही पोरी कुठेच दिसत नव्हत्या. करुणाला कुणी बस म्हटलं नाही.

"आली बघा टोचेवाली," मागून कुणी तरी म्हणालं.

"आशाबाई," वसराम नायक म्हणाला. म्हातारा आवाज चढवणारा नव्हता, त्यामुळे जास्त भीती वाटायची. "माझ्या जवानीत इथं एकदा जीप आली होती. आमच्या बायांना भरून नेलं अन् शाळेत वळीनं झोपवलं, ढोरं झोपवावीत तशा. तवा बी तुमच्यासारखी एक बाई आली होती, गोड बोलणारी. त्यातल्या एकीच्या टाक्यात पू झाला, ती तिसऱ्या दिवशी गेली. माझी भन होती ती. म्हणून इचारतो. तुमाला आमच्या तांड्याचं काय करायचंय?"

ह्या प्रश्नाला करुणाकडे उत्तर होतं, पण ते बसून सांगण्यासारखं होतं, दहा बाप्यांच्या गराड्यात उभं राहून नव्हे.

"काका, तवा जे झालं ते वाईटच झालं. पण हे तसं न्हाई. निलमनं स्वतःहून मागितलं. नको म्हणली की बंद. पुढं लेकरू पाहिजे तवा होतं."

"स्वतःहून!" देविदास उसळला. "अन् मी कोण हाय? माझ्या घरात माझ्या बायकोला टोचून राहिलेत अन् मलाच पत्ता न्हाई!"

"हिंगोलीला तिला रक्त चढवलं तवा तू कुठं होतास?" करुणाही चढ्या आवाजात बोलली. बोलायला नको होतं. "दोन रात्री मी बसले तिच्या उशाशी. फोन लावला तर तुझा फोन बंद. तवा नवरा कुठं गेला होता?"

देविदास अंगावर धावून आला. दोघांनी त्याला धरलं. आणि मग नर्मदाबाई पुढे आली. ओरडली नाही. करुणाच्या इतक्या जवळ येऊन उभी राहिली की तिच्या कपाळावरचं गोंदण मोजता यावं.

"मी आठ बाळंतपणं केली," ती म्हणाली. "पाच लेकरं मातीत घातली ह्या हातानं. मला इचारलं का कोणी, तुला तकलीफ होती का? मेले का मी? हिलाच काहून मरण दिसून राहिलं? अन् तू कोण गं तिचं मरण-जगणं ठरवणारी? खोटं बोलली माझ्याशी. पट्ट्या संपल्या म्हणे. मी गूळ वाटला साऱ्या तांड्यात. देवीपुढं नवस बोलून बसले. माझं हसं केलंस तू."

करुणाला तिचा राग आला आणि त्याच क्षणी तिची दयाही आली. आठ बाळंतपणं, पाच थडगी, आणि त्याचा हिशेब ती सुनेकडून वसूल करायला निघाली होती. पण दया येऊन उपयोग नव्हता. समोरची बाई वाघिणीसारखी उभी होती.

"आता एक सांगा," वसराम नायक म्हणाला. "आणखी कोणाकोणाला टोचलंय? नावं वाचा."

सगळे तिच्या तोंडाकडे बघायला लागले. भिंतीपाशीच्या बायकाही.

करुणाने भिंतीकडे न बघायचं ठरवलं, तरी नजर गेलीच. पेमा पदराचं टोक दातात धरून उभी होती. तिच्या पलीकडे नायकाची नातसून आणि आणखी एक, दोघी एकमेकींपासून लांब, जणू ओळख नसल्यासारख्या. एकीच्या हातातलं लेकरू रडत होतं आणि ती त्याला उगी करायचंही विसरली होती. सात जणी. त्यातल्या पाच जणींना दुसरी कुणी घेते हेही माहीत नव्हतं. प्रत्येकीला वाटत होतं, आता आपलंच नाव येणार.

"वही आणली न्हाई मी. सरकारी वही हाय, ती मी कोणाला दावत न्हाई."

"मंग तोंडानं सांगा."

"आमी घरी येऊन वही घेऊ," कुणी तरी म्हणालं.

"या," करुणा म्हणाली. "पण काही घावायचं न्हाई. दुसरी कोणी असंल तर घावंल ना? कोणीच न्हाई. एकटी निलम."

"एकटी?"

"एकटीच. ती आडून बसली म्हणून तिला दिलं. बाकी कोणाला मी हात लावला न्हाई."

"शपथ घे," नर्मदाबाई म्हणाली. "देव तर तुमी मानत न्हाई. तुमच्या बाबासाहेबाची घे."

 लहानपणापासून करुणाने ह्या नावाची शपथ कधी खरी गोष्ट सांगायलाही घेतली नव्हती. आईने बजावलं होतं, ते नाव असं वापरायचं नसतं. तिने भिंतीकडे न बघता शपथ घेतली. एकटी निलम. आवाज हलला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

मग नायक निलमकडे वळला. "पोरी, खरं हाय का हे?"

निलमने मान वर केली. आधी तिने पेमाकडे पाहिलं. दोघी जावा दर वेळी एकाच वाटेने, एकाच बहाण्याने उपकेंद्रात यायच्या. एकीचा दंड टोचला जाताना दुसरी पडदा धरून उभी असायची. पेमाने डोळे खाली घातले. मग निलमने करुणाकडे पाहिलं.  त्या नजरेत विनवणी नव्हती. एखाद्या दुकानदाराने आपल्याला फसवल्याचं घरी आल्यावर लक्षात यावं, तसं काही तरी होतं.

"व्हय," ती म्हणाली. "मी एकटीच."

सगळा तांडा एकदम सैल झाला. एकच वाईट निघाली म्हणजे बाकी सगळं ठीक आहे, असं माणसांना किती पटकन वाटतं! माणसं बोलायला लागली, कुणी तंबाखू मळायला घेतली. निलमला तिन्ही पोरींसकट माहेरी धाडायचं ठरलं. करुणाने ह्यापुढे तांड्यावर पाय ठेवायचा नाही असंही ठरलं. तिला परत सोडायला कुणी गाडी काढली नाही.

ती पायी निघाली. बाहेर पडताना तांड्याची शेवटची ओळ लागते. तिथे एका दारातून बाई घमेलं घेऊन आली आणि खरकटं पाणी तिच्या पायांवर फेकलं. "पुन्हा दिसली इथं तर बघ," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. ती त्या सातांपैकीच होती. करुणाने ओल्या पायांनी पुढे चालत राहणंच पसंत केलं. तिला त्या बाईचा राग आला नाही. असं केलं नसतं तरच ती मूर्ख ठरली असती.

त्या संध्याकाळी विहारात वंदनेला ती गेली. चौथं शील, खोटं न बोलण्याचं, म्हणायची वेळ आली तेव्हा तिचे ओठ हलले नाहीत. शेजारच्या बाईला वाटलं, ठसका लागला.

तालुक्याहून कागद आला. लाभार्थीच्या कुटुंबाशी समन्वय न राखल्याबद्दल खुलासा करा. उपकेंद्राच्या शिला सिस्टरनेच तो तिच्या हातात दिला आणि वर म्हणाली, "तू पण ना करुणा. लाभार्थी वाढव म्हणून मागं लागणारे हेच, अन् काही झालं की खुलासा मागणारे बी हेच. लिही आता दोन ओळी." करुणाने दोन ओळी लिहिल्या. त्यात खरं असं काही नव्हतं. खोटं लिहायची आता सवय लागत होती.

पण मनाला तिने एक आधार धरून ठेवला होता. सात घरं वाचली. एक गेलं, ते तसंही गेलंच होतं, त्याचं नाव आधीच उघडं पडलं होतं. सात वाचवायला एक सोडावं लागलं. हे ती स्वतःला स्वयंपाक करताना सांगायची, रविंद्रला सांगायची. रविंद्र म्हणायचा, बरोबर केलंस. तो बरोबर म्हणाला की तिला जास्तच अस्वस्थ वाटायचं.

चैत्रात लसीकरणाचा दिवस आला. सातही जणींची तारीख त्याच आठवड्यात होती. करुणा सकाळपासून उपकेंद्राच्या व्हरांड्यात उभी होती.

तांड्यावरून तिघी आल्या. पेमा आणि आणखी दोघी. एकत्र आल्या खऱ्या, पण बाकावर अंतर ठेवून बसल्या. लेकरांना टोचून घेतलं, वजनं केली. शिला सिस्टरने आतल्या खोलीचा पडदा मुद्दाम थोडा उघडा ठेवला होता. तिघींपैकी एकही तिकडे वळली नाही. दोन वेळा करुणा पेमाजवळून गेली, दोन्ही वेळा पेमाने लेकराचं झबलं नीट करायला घेतलं. सात घरं वाचली म्हणतो ती अशी. आणखी महिन्याभरात इंजेक्शनचा असर उतरला की एकेकीला दिवस जाणार नाहीत कशावरून?

बाराच्या सुमाराला फाटकातून निलम आत आली. तिन्ही पोरी बरोबर. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला तिचं माहेर, दोन गाड्या बदलून आली असणार. थोरलीच्या पायात चपला होत्या, बाकी तिघी अनवाणी. फुफाट्याने चौघींचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे झाले होते.

करुणा पुढे झाली. "निलम! अगं, तिकडच्या आशाताईकडं सांगितलं असतं तर मी..."

निलमने तिच्याकडे पाहिलं नाही. बाकावरच्या तिघींकडे मात्र पाहिलं, आणि दारातूनच शिला सिस्टरला मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, माझी तारीख झाली. तीन महिन्याचं टोचून द्या. पडदा लावू नका, गरम होऊन राहिलं."

व्हरांड्यात सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. गावातल्याही होत्या, तांड्यावरच्याही. शिला सिस्टर क्षणभर गोंधळली, मग तिने सुई भरली. निलम दाराकडे तोंड करून स्टुलावर बसली आणि बाही वर केली. दंड किती वाळला होता. सुई गेली तेव्हा तिने डोळेही मिटले नाहीत.

"चोळायचं नाही बरं का," सिस्टर म्हणाली.

"म्हाईत हाय."

ती बाहेर आली तेव्हा करुणा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. निलमने तांब्या घेतला, पोरींना पाजलं, स्वतः प्यायली नाही.

"देविदास आला होता का न्यायला?" करुणाने हळू विचारलं.

"न्हाई. पण येईल कवा तरी. माहेरची बी किती दिवस ठिवतील? अन् नेलं की सासूला पोरगंच पाहिजे. म्हणून घेतलं." ती आता पहिल्यांदा करुणाकडे नीट बघत होती. "ताई, एक इचारू?"

"इचार की."

"ह्या पडद्यामागं तांड्यावरच्या आठ जणी जातात, मी मोजून होते. त्या दिशी तुमी आठ नावं काहून वाचली न्हाईत?"

करुणाला प्रश्नच कळला नाही. "अगं, वाचली असती तर सातांची घरं..."

"काय झालं असतं? एक सून वाईट निघाली तर तिला हाकलता येतं. आठ सुना वाईट निघाल्यावर कोणाला हाकलतील? आठ घरच्या भाकरी कोण थापील? नायकाची नातसून बी होती ना त्यात? चार दिवस शिव्या दिल्या असत्या अन् गप बसले असते समदे." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी त्यांला एकटी दिली, ताई. एकटीला मारणं सोपं असतं."

करुणाने तोंड उघडलं. शपथेचं सांगावं, रात्र-रात्र झोप लागत नाही ते सांगावं, माझाही हेतू चांगलाच होता ते सांगावं. सगळं तोंडापर्यंत आलं, आणि त्यातलं एकही निलमच्या काही कामाचं नव्हतं. आपण चूक केली, हे तिला तिथे उभ्या उभ्या लख्ख कळलं. शपथ खोटी होती ही ती चूक नव्हती. बायका एकेकट्या वाचवता येतात असं समजणं, ही होती.

"मला सुचलं न्हाई गं," ती कशीबशी म्हणाली.

"व्हय. तसंच असंल," निलम म्हणाली आणि बाकाच्या टोकाला जाऊन बसली. तिची गाडी दोनला होती.

 धाकटी पोरगी आईच्या दंडावर हात फिरवायला गेली, तर निलमने तिचा हात धरून बाजूला केला. "चोळू न्हाई," ती म्हणाली.

मग पेमा उठली. कडेवरचं लेकरू तिने निलमच्या मांडीवर ठेवलं, काही न बोलता, जसं घरी अंगणात रोज ठेवत असेल. आणि करुणाच्या शेजारून, तिला धक्का लागणार नाही इतकं अंग चोरून, आत गेली. बाकावरच्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोड्या वेळाने त्यातली एक उठून पेमाच्या मागे दाराशी जाऊन उभी राहिली.

करुणा सवयीने पडदा ओढायला पुढे झाली, आणि हात मागे घेऊन तिथेच थांबली. आतून सिस्टरने तिला हाक मारली नाही. बाहेर निलम जावेच्या लेकराला मांडीवर घेऊन, करुणाकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत बसली होती.